"मग जिंकलं कोण?" : सायफाय कन्व्हेन्शनमधल्या गेम रूमबद्दल जरा सविस्तर

आईला मी एकदा फोनवर सांगत होतो की शनिवारी दिवसभर एका हॉटेलात बसून गेम खेळलो, सहा जण होतो, चार तास चालला, आणि मी एका अंतराळयानाचा कर्जबाजारी कॅप्टन होतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग जिंकलं कोण?" आता खरं उत्तर होतं "कुणीच नाही", पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग चार तास केलंत काय, आणि ते काही फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहून काढतोय.

आधी ते हॉटेल. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये सायन्स फिक्शनच्या, म्हणजे सायफायच्या, वाचकांची कन्व्हेन्शन म्हणजे संमेलनं भरतात, त्यांना नुसतं कॉन म्हणतात. आपल्या साहित्य संमेलनासारखंच समजा, फक्त मंत्री नाहीत, मानपत्र नाही, आणि अध्यक्षांचं दीड तासाचं भाषण नाही. सगळ्यात जुनं आणि मानाचं म्हणजे वर्ल्डकॉन, पहिलं १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलं तेव्हा जेमतेम २०० लोक आले होते, आता पाच-सात हजार येतात आणि दरवर्षी शहर बदलतं, २०२४ ला ग्लासगो, २०२५ ला सिअ‍ॅटल. चालवणारे सगळे हौशी, पगार कुणालाच नाही. तिथे तिकीट काढत नाहीत, मेंबर होतात, आणि मेंबर झालात की ह्यूगो या सायफायमधल्या मानाच्या पुरस्कारासाठी मत देता येतं. दिवसभर चार-पाच जणांचे परिसंवाद चालू असतात, त्याला पॅनेल म्हणतात, आणि शेवटी प्रश्नोत्तरात एक काका उठतोच ज्याला प्रश्न नसतो, भाषण असतं. हे मात्र अगदी आपल्यासारखं.

आणि मग या पॅनेलच्या खोल्यांपासून लांब, बऱ्याचदा तळघरात किंवा कॉरिडॉरच्या पार टोकाला, एक मोठी खोली असते जिथून रात्री दोन वाजता पण हसण्याचे आवाज येतात. ती गेम रूम.

तिथे दोन प्रकारचे खेळ असतात. एक म्हणजे बोर्ड गेम, पट, सोंगट्या, पत्ते, ते समजायला सोपं आहे कारण त्यात कुणीतरी जिंकतं, म्हणजे आईचा प्रश्न तिथे लागू पडतो. दुसरा प्रकार रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, आणि सगळा घोळ इथे आहे. कोकणातला दशावतार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, आणि मग संवाद प्रत्येक जण उभ्या उभ्या रचतो. आरपीजीत तसंच आहे, फक्त प्रेक्षक नाहीत, सगळे टेबलाभोवती बसलेले, प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद, आणि एक जण सूत्रधार, त्याला जीएम, म्हणजे गेम मास्टर, म्हणतात. जीएम सांगतो "दार बंद आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, काय करता?" आणि तुम्ही सांगता काय करता. फरक एवढाच की दशावतारात शेवट सगळ्यांना माहीत असतो, इथे जीएमला पण नसतो, कारण जिथे शंका आहे तिथे फासा टाकतात आणि फासा कुणाचं ऐकत नाही.

हा प्रकार आला कुठून याची गोष्ट मला फार आवडते कारण त्यात सायफाय आणि खेळ पहिल्यापासून एकाच घरात नांदताना दिसतात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर लढाईचा खेळ वापरायचे, फासे टाकून, पंच नेमून. त्यानंतर १९१३ मध्ये घरच्या दिवाणखान्यात शिशाचे सैनिक मांडून खेळायच्या लढाईचे नियम एका माणसाने पुस्तकात छापले, आणि तो माणूस होता एच. जी. वेल्स. हो, 'टाइम मशीन' ही कालयंत्राची कादंबरी लिहिणारे वेल्सच. पुढे अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या लढाईचे खेळ खेळणाऱ्या मंडळींना वाटायला लागलं की अख्खी पलटण हलवण्यापेक्षा एकच माणूस व्हायला जास्त मजा येते, डेव्ह अर्नसनने ते आपल्या घोळक्यात करून बघितलं, गॅरी गायगॅक्सने त्याच्याबरोबर बसून नियम लिहून काढले, आणि १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या या खेळाची पेटी बाहेर पडली. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. (त्याच १९७४ मध्ये आपल्याकडे मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कुणी नारायण विनायक जगताप नावाच्या अनोळखी माणसाची कथा आली होती आणि ते निघाले जयंत नारळीकर. याचा त्याच्याशी संबंध काही नाही, पण मला ही दोन्ही एकाच वर्षी घडली हे आठवलं की उगाच बरं वाटतं.)

बरं, पेटी विस्कॉन्सिनची, मग ती सायफायवाल्यांच्या हाती कशी लागली? तर सायफायच्या फॅन लोकांकडे तेव्हा एक पद्धत होती जी बाकी कुणाकडेच नव्हती. ते एकमेकांसाठी लिहायचे. समजा तीस जण आहेत, प्रत्येकाने आपापली दोन-चार पानं लिहायची, तीस-चाळीस प्रती काढायच्या, एकाकडे पाठवायच्या, तो सगळं एकत्र टाचून प्रत्येकाला एक-एक गठ्ठा परत देणार. भिशीच म्हणा ना, पैशाऐवजी पानं. लॉस एंजेलिसच्या सायफाय क्लबची अशी एक भिशी दर आठवड्याला निघायची, आणि १९७४-७५ मध्ये तिच्यात पुस्तकांबद्दल लिहायचं सोडून लोक डन्जन्स अँड ड्रॅगन्सबद्दलच लिहायला लागले, माझा जादूगार कसा वाचला, तुझा नियम कसा चुकीचा, पानंच्या पानं, इतकं की खेळ न खेळणारे वैतागले. मग ली गोल्ड या बाईंनी १९७५ मध्ये फक्त या गप्पांसाठी वेगळा अंक काढला, अ‍ॅलारम्स अँड एक्स्कर्जन्स, आणि तो थोडेथोडके नाही, जवळपास पन्नास वर्षं चालवला. म्हणजे बघा, खेळ आला आणि दीडएक वर्षात खेळाबद्दल बोलण्याची जागा पण तयार झाली, आणि ती सायफायवाल्यांनी केली, कारण त्यांना बोलायची खोड आधीच होती. नियमपुस्तक एवढं अर्धवट लिहिलेलं होतं की प्रत्येक गावाने आपापले अर्थ लावले, आणि कॉनमध्ये ही गावं एकमेकांना भेटली की भांडणं व्हायची. भांडणातून नवीन नियम निघाले, नवीन खेळ निघाले.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पॅनेलमध्ये गेमबद्दल बोलतात तरी काय. मला पहिल्यांदा वाटलेलं की लोक आपापले पराक्रम सांगत असतील, आणि खरं सांगायचं तर तसं कुणी सुरू केलं की खोली रिकामी व्हायला लागते, दुसऱ्याच्या पात्राचे पराक्रम ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वप्नाची हकिकत ऐकण्यासारखं असतं. चांगल्या पॅनेलमध्ये एकच गोष्ट उलटीपालटी करून बघतात, ती म्हणजे नियमातून जग कसं तयार होतं. हे नीट समजावून सांगतो कारण सगळी गंमत यातच आहे.

१९७७ साली मार्क मिलर यांचा ट्रॅव्हलर नावाचा खेळ आला, अंतराळातला. त्यात यान घ्यायचं असेल तर ते कर्जावर मिळतं, ४८० महिन्यांचे हप्ते, म्हणजे ४० वर्षं. झालं. एवढा एक नियम लिहिला आणि सगळं कथानक आपोआप सुरू. ज्याच्या डोक्यावर ईएमआय आहे तो "या पेटीत काय आहे विचारू नका, पैसे दुप्पट" असं म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणू शकत नाही. जीएमला खलनायक शोधायची गरजच नाही, बँक आहे की. मी जो कर्जबाजारी कॅप्टन होतो तो इथलाच.

याच खेळातला दुसरा नियम, एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो आणि प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ नाही. निरोप यानातूनच जाणार, टपालासारखा. दिसायला किरकोळ नियम आहे पण परिणाम बघा, साम्राज्याच्या सरहद्दीवर युद्ध झालं तर राजधानीला कळायला कित्येक महिने, मग सरहद्दीवरच्या सुभेदाराला स्वतःच निर्णय घ्यायला लागणार, म्हणून तिथे सरदार, जहागिरदार, ड्यूक असली माणसं लागणार. भविष्यकाळात सरंजामशाही का, याचं उत्तर टपालात आहे. एका पॅनेलवर हे चाललेलं असताना माझ्या डोक्यात पानिपत सुरू झालं. १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं, आणि नानासाहेब पेशव्यांना कळलं ते दहाएक दिवसांनी, ते पण वाटेत हाती लागलेल्या एका सावकाराच्या पत्रातून, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ते दहा दिवस पेशवे जिवंत भाऊसाहेबांच्या मदतीला निघाले होते. ट्रॅव्हलर खेळताना जीएमने तुम्हाला असे दहा दिवस दिले ना, की मग पोटात खड्डा पडतो. मी हे त्या पॅनेलमध्ये उठून सांगितलं आणि बसल्यावर लक्षात आलं की प्रश्न न विचारता भाषण करणारा काका आज मीच झालो.

फाशांचं पण असंच. लोकांना वाटतं फासा म्हणजे फासा, नशीब. पण डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये वीस बाजूंचा एक फासा टाकतात (हे विचित्र फासे गायगॅक्सना शाळांना सामान पुरवणाऱ्या कॅटलॉगमध्ये सापडले होते), त्यात १ यायची आणि २० यायची शक्यता सारखीच, ५ टक्के. म्हणजे प्रत्येक वेळी काहीही होऊ शकतं, जगज्जेता योद्धा पण पाय घसरून पडू शकतो. ट्रॅव्हलरमध्ये मात्र आपले साधे सापशिडीचे दोन फासे, त्यांची बेरीज. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात, त्यातल्या सहा जोड्यांची बेरीज ७ येते, १२ फक्त एकाच जोडीची. म्हणजे मधले आकडे सारखे येणार, टोकाचे क्वचित, म्हणून या जगात बहुतेक गोष्टी अपेक्षेप्रमाणे घडतात आणि कधीतरीच आभाळ कोसळतं. एक जग परीकथेसारखं वागतं, दुसरं ऑफिससारखं. आणि ऑफिसवरून आठवलं, १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधी पात्र तयार करतानाच ते मरू शकायचं. तुम्ही १८ वर्षांचे, नोकरी निवडायची, दर चार वर्षांनी जगलात का बघायला फासे. स्काउट खात्यात मूळ आकडा ७ किंवा जास्त लागायचा, म्हणजे ३६ पैकी २१ जोड्या तुमच्या बाजूच्या, बाकी १५ मध्ये अंत्ययात्रा, आणि नवीन कागद घ्या. लोक यावर अजून हसतात पण नियम बावळट नव्हता, नोकरीत जास्त वर्षं काढली तर कसब वाढतं, पेन्शनसारखं काहीबाही मिळतं, तर थांबायचं कधी हा हावरटपणाचा प्रश्न त्यात होता.

अजून दोन उदाहरणं आणि मग पुढे जातो. कॉल ऑफ कथुलू, १९८१, भयकथांवरचा खेळ, त्यात तुमच्या कागदावर जीव किती उरला त्याच्या शेजारी डोकं किती ठिकाणावर आहे याचा पण आकडा असतो, आणि सत्य जितकं जास्त कळेल तितका तो कमी होतो, म्हणजे जिज्ञासू माणूस आधी वेडा होणार. आणि ड्रेड नावाच्या खेळात तर फासेच नाहीत, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, जेंगावाला, काही धोक्याचं करायचं असेल तर खालून एक ठोकळा ओढून वर ठेवा, मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. भीती वाटते असं कुणी लिहून द्यायला नको, हात आपोआप थरथरतो.

तर पॅनेलवर लेखक, खेळ बनवणारे आणि नुसते खेळणारे एकत्र बसतात तेव्हा वाद असा होतो की कादंबरीतलं जग टेबलावर आणताना काय मोडतं. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे नायक. कादंबरीत एक नायक चालतो, टेबलावर पाच जण बसलेत आणि पाचही जणांनी शनिवार घालवलाय. स्टार ट्रेक या अंतराळयानावरच्या टीव्ही मालिकेचं उदाहरण हमखास निघतं, कारण तिथे कॅप्टन हुकूम सोडणार आणि बाकीचे "आय, सर" म्हणणार, हे बघायला मस्त, खेळायला कंटाळवाणं. शिवाय कॅप्टन, डॉक्टर, इंजिनिअर सगळे एकदम परग्रहावर उतरले तर यान कोण चालवणार? २०१७ च्या स्टार ट्रेक अ‍ॅडव्हेंचर्स या आरपीजीने यावर तोडगा काढला की तुमचं मुख्य पात्र यानावर थांबलं तर तेवढ्यापुरता तुम्ही दुसरा कुठला तरी कनिष्ठ अधिकारी खेळा, आणि तो पुढच्या वेळी पण वापरता येईल असा कागदावर राहतो. साधी गोष्ट, पण हे सुचायला फार वर्षं लागली.

उलटा प्रवास पण आहे, खेळातून कादंबरी. जॉर्ज आर. आर. मार्टिन (गेम ऑफ थ्रोन्सवाले) यांच्या घोळक्याने १९८३ मध्ये अल्बुकर्कीत सुपरवर्ल्ड नावाचा सुपरहिरोंचा आरपीजी खेळायला घेतला, त्यात जवळजवळ सगळे लेखकच होते, आणि ते इतके अडकले की लिखाण बाजूला पडलं. मग या वेळेचे निदान पैसे तरी वसूल होऊदेत म्हणून त्यातूनच वाइल्ड कार्ड्स ही मालिका काढली, पहिलं पुस्तक १९८७. द एक्स्पान्स या अंतराळातल्या कादंबरी-मालिकेचं जग पण आधी ऑनलाइन गेमसाठी रचलेलं, मग लिहून खेळायचा आरपीजी झाला, मग २०११ मध्ये कादंबरी. पॅनेलवर लेखक लोक हे जरा लाजत सांगायचे, आता लाजत नाहीत.

लाजायचे कारण फॅन आणि गेमर यांच्यात एक जुनी कुरबुर आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आरपीजी म्हणजे सैतानाची पूजा असा बोभाटा झालेला, तेव्हा कॉनने या मुलांना जागा दिली हे खरं, पण तळघरातली. जुने वाचक म्हणायचे की हे लोक मेंबरशिप घेतात आणि चार दिवस त्या खोलीच्या बाहेर येत नाहीत, एक भाषण ऐकत नाहीत. गेमर म्हणायचे, मग खोली कशाला तळघरात देता. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. जेनकॉन हे फक्त खेळांचं कॉन, गायगॅक्सने १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या एका हॉलमध्ये शंभरेक लोकांवर सुरू केलेलं, आज इंडियानापोलिसला ७० हजारांच्या पुढे जातं, आणि अटलांटाचं ड्रॅगनकॉन १९८७ मध्ये गेमिंगवाल्यांनी आणि सायफायवाल्यांनी मिळून काढलं ते पण तेवढंच अवाढव्य झालं, आणि वर्ल्डकॉन आपलं पाच-सात हजारांवर. त्यामुळे तळघरातल्यांना काही कमी पडलं नाही.

पुरस्कारात हे आता कुठे यायला लागलंय. नेब्युला या सायफाय लेखकांच्या संघटनेच्या पुरस्कारात गेम लेखनाचा विभाग सुरू झाला आणि थर्स्टी स्वोर्ड लेस्बियन्स या चक्क टेबलवरच्या आरपीजीने तो जिंकला पण. ह्यूगोत २०२४ ला गेमचा नियमित विभाग आला, पहिला मान बाल्डर्स गेट ३ ला, जो कॉम्प्युटर गेम असला तरी आतले नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सचेच. इथे एक अडचण आहे जिच्यावर तासन्तास बोलता येतं, कॉम्प्युटर गेम सगळ्यांना तोच मिळतो, पण आरपीजीचं पुस्तक वाचून मत द्यायचं की खेळून? खेळून म्हणाल तर कुठल्या जीएमबरोबर? स्वयंपाकाच्या पुस्तकाला बक्षीस देताना रेसिपी बघायची की कुणाच्या घरची आमटी, तसला प्रकार. माझं मत विचाराल तर पुस्तकालाच द्या, आमटीची जबाबदारी लेखकावर टाकू नका.

कधी जायचा योग आला तर थोडं व्यवहारातलं. कॉनमधला गेम साधारण चार तासांचा, एकाच बैठकीत संपणारा, पात्रं आधीच तयार करून ठेवलेली असतात त्यामुळे नियम माहीत नसले तरी चालतं, "पहिल्यांदाच खेळतोय" असं सरळ सांगा, लोक उलट खूश होतात. टेबलावर कधीकधी एक कार्ड ठेवलेलं असतं ज्यावर फुली असते, गोष्ट नको त्या दिशेला चालली, कुणाला त्रास व्हायला लागला, तर त्यावर बोट ठेवायचं, कारण सांगायचं नाही, जीएम तो भाग गाळून पुढे जातो. अनोळखी लोकांबरोबर भयकथा खेळायची तर हे लागतंच, यात कुणी कुणाला नाजूक म्हणत नाही. बोर्ड गेम हवा असेल तर गेमची लायब्ररी असते, बॅज ठेवायचा आणि डबा घ्यायचा. ट्वायलाइट इम्पेरियमच्या डब्याला मात्र हात लावण्याआधी विचार करा, अख्खा दिवस जातो, आणि मध्येच उठलात तर पाच लोक आयुष्यभर नावं ठेवतील. आणि एक जुना नियम तोंडपाठ करा, कुठे ६-२-१ म्हणतात कुठे ५-२-१, म्हणजे दिवसाला इतके तास झोप, दोन वेळा जेवण आणि एक आंघोळ. हा नियम विनोदाने सांगतात पण तिसऱ्या दिवशी बंद तळघरात बसल्यावर त्यातला शेवटचा आकडा का आहे ते कळतं.

नाव नोंदवायला गेम रूमच्या दारावर कागद लावलेला असतो, जागा सहा आणि खाली वेटिंगच्या ओळी. सहा नावं भरलेली दिसली तरी वेटिंगवर लिहा आणि वेळेवर जाऊन उभे राहा, विशेषतः रविवारी सकाळी नऊचा गेम असेल तर, कारण त्यातले निम्मे लोक उठलेलेच नसतात.